अमर शेखांना कोणता पुरस्कार मिळाला?

प्रश्न आठवीतल्या एका पोरानं विचारला. वीस ऑक्टोबरचा दिवस होता. परिपाठात दिनविशेष सांगायची पाळी माझी होती, म्हणून मी शाहीर अमर शेखांचा जन्मदिवस सांगितला. बार्शीचे, गिरणी कामगार, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाणारे, स्वतःची गाणी स्वतः लिहिणारे. पाच मिनिटांत उरकलं. पुढच्या तासाला वर्गात गेलो तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्यांना कोणता अवॉर्ड भेटला?"

हा पोरगा साधा नाही. वहीच्या मागच्या पानांवर तो स्वतः गाणी लिहितो. अर्धी मराठी, अर्धी आपल्या घरातली दखनी. मधल्या सुट्टीत बाकावर ठेका धरून म्हणतो. पोरं त्याला रॅपर म्हणतात. घरी वडिलांना हे आवडत नाही. गाण्यानं पोट भरत नसतं, असं त्यांनी मलाही एकदा बाजाराच्या दिवशी थांबवून सांगितलं. तेव्हा त्यानं विचारलेला प्रश्न माहितीचा नव्हता. गाणाऱ्याला शेवटी मिळतं काय, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "उद्या सांगतो." मास्तर लोक असं कधी म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रात्री घरातली पुस्तकं काढून बसलो. जे सापडलं आणि त्यावर पुढं जो विचार केला, तो इथं लिहून ठेवतोय.

आजच्या मुलांना गायक कळतो तो त्याच्या यादीसकट. अमुक कार्यक्रमाचा विजेता, तमुक वर्षीचा फिल्मफेअर, इतके ग्रॅमी, इतके कोटी व्ह्यूज. यादी नसेल तर माणूस खरा वाटत नाही. यात मुलांचा दोष नाही, जग त्यांना तसंच दाखवतं. आणि जगातली सगळ्यात मोठी यादी ज्यांच्या नावावर आहे अशा गीतकार-गायकांपैकी एक अमेरिकेचे बॉब डिलन. ग्रॅमी अनेक. २००१ मध्ये ऑस्कर. २००८ मध्ये पुलित्झरची विशेष नोंद. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हातून तिथला सर्वोच्च नागरी सन्मान. आणि १३ ऑक्टोबर २०१६ रोजी साहित्याचं नोबेल. अमेरिकन गाण्याच्या परंपरेत त्यांनी कवितेच्या नव्या वाटा काढल्या, असा त्या नोबेलचा आशय होता. जगभर वाद झाला. गाणं म्हणजे साहित्य का? माइकसमोर गिटार घेऊन उभा राहणारा माणूस कवी कसा? वर्तमानपत्रं आठवडाभर त्यानंच भरलेली होती. मराठीतली सुद्धा.

त्या घोषणेनंतर बरोबर सात दिवसांनी, २० ऑक्टोबर २०१६ ला, शाहीर अमर शेखांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण झाली. हे मला तेव्हा लक्षात आलं नव्हतं. मीही डिलनवरचेच लेख वाचत होतो. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला, ज्याच्या घरात दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात, त्याला स्वतःच्या शाहिराची शताब्दी कळली नाही. ही कबुली आधी द्यायला हवी, मगच दुसऱ्यांना बोलण्यात अर्थ आहे.

आता माणूस पाहू.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६, बार्शी, सोलापूर जिल्हा. आईचं नाव मुनेरबी. लोकगीतांचा वारसा त्यांना या आईकडून मिळाला. गरिबी इतकी की शिक्षण सुटलं. गाडीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत काम केलं. गिरणी कामगारांच्या लढ्यात पडले आणि तुरुंगात गेले. विसापूरच्या तुरुंगात त्यांची कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांशी ओळख झाली आणि कम्युनिस्ट विचार त्यांच्या आयुष्यात आला. पुढं कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या सिनेमाच्या दुनियेत काही काळ काढला. तिथं मित्रांनी त्यांचं नाव 'अमर शेख' ठेवलं.

या नावाशी जरा थांबा. डिलनचंही मूळ नाव वेगळं, रॉबर्ट झिमरमन. अमेरिकेतल्या छोट्या गावातल्या ज्यू घरातला मुलगा. त्यानं नाव बदललं आणि नव्या नावावरून त्याचं घर कुठलं हे कळेनासं झालं. कलावंत असं करतात, त्यात वावगं काही नाही. आपल्याकडे मुंबईच्या सिनेमात कित्येक मुसलमान नट-नट्यांनी तेच केलं. पण बार्शीच्या या माणसाचं उलटं झालं. 'पटेल' या आडनावावरून धर्म कळत नाही. पटेल हिंदू असतात, मुसलमान असतात, पारशीही असतात. ते आडनाव ठेवलं असतं तर मंचावर कुणाला काही विचारायची गरज पडली नसती. ते गेलं आणि 'शेख' पुढं आलं. आधी 'अमर', मग 'शेख'. हे नाव माइकवरून पुकारलं की लाखाच्या सभेतल्या शेवटच्या माणसालाही कळायचं, गाणारा कोण आहे ते. लोकांनी ते नाव तसंच्या तसं घेतलं.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या तिघांनी लालबावटा कलापथक उभं केलं. मांग समाजात जन्मलेला वाटेगावचा अण्णाभाऊ, सोबत गवाणकर आणि बार्शीचा मुसलमान मेहबूब. डफ, तुणतुणं, झिलकरी. गिरणगावातल्या चाळी, मैदानं, संपाच्या सभा ही त्यांची थिएटरं. पोवाडे, लावण्या, वगनाट्यं. जुन्या तमाशातला गण-गवळणीचा साचा मोडून त्यात कामगाराचं दुःख भरलं. याची सरकारनं दखल घेतली ती अशी की मुंबई सरकारनं कलापथकावर बंदी घातली. म्हणजे सत्तेकडून शाहिराला पहिली पावती मिळाली ती बंदीची. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा पोरं हसली. पण कुणाच्या गाण्याला सरकार घाबरतं, ही गोष्ट एखाद्या मानपत्रापेक्षा कमी नाही.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. अत्रे, डांगे, एस. एम. जोशी, प्रबोधनकार ठाकरे अशी मोठमोठी माणसं एका मंचावर आली. त्यांच्या भाषणांआधी मैदान तापवायचं काम शाहिरांचं. अमर शेखांचा आवाज पहाडी होता. अण्णाभाऊंनी लिहिलेली 'माझी मैना' महाराष्ट्रभर पोचली ती मुख्यतः त्यांच्या गळ्यातून. आमचे एक चुलत आजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते. परळकडच्या मैदानात त्यांनी अमर शेखांना ऐकलं होतं. ते म्हणायचे, भाषण ऐकायला आम्ही बसून असायचो, पण हा गायला लागला की बसवत नव्हतं. यापलीकडे त्यांना वर्णन करता यायचं नाही. मात्र एक गोष्ट ते दर वेळी जोडायचे, आमच्या चाळीतले सगळे त्या दिवशी त्यांना 'तुमचा शेख' म्हणाले नव्हते, 'आपला शेख' म्हणाले होते.

ही गोष्ट आम्हा मराठवाड्यातल्या मुसलमानांना का लागते, ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमचा साखरा आज हिंगोली जिल्ह्यात. हा जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून निघाला. पण त्याआधी, १९४८ पर्यंत, हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आमच्या आजोबांची शाळा उर्दूत झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं. त्या पोलीस ॲक्शनच्या आगेमागे जे घडलं ते आमच्या घरांत अजूनही हळू आवाजात सांगितलं जातं. रझाकारांनी केलेले जुलूम खरे आणि नंतर गावोगावच्या साध्या मुसलमानांनी भोगलेलंही खरं. त्यानंतर आमचे लोक गप्प झाले. उर्दू सुटली, मराठी अजून आली नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. म्हणजे पोलीस ॲक्शनला अवघी आठ वर्षं झाली होती. इकडे आमची माणसं आपण या मातीचे आहोत की नाही याचा पुरावा मनातल्या मनात जुळवत होती, आणि तिकडे मुंबईत मराठी राज्याच्या मागणीचा सर्वांत बुलंद आवाज एका शेखाचा होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. शंभरावर माणसांनी त्यासाठी जीव दिला. त्या राज्याच्या पायात आमच्यातल्या एकाचा गळाही आहे.

आता यादीकडे येतो, कारण पोराला यादी हवी होती.

पद्म पुरस्कार १९५४ पासून दिले जातात. त्यांत अमर शेख हे नाव नाही. लढ्यातलेच दुसरे मोठे नाव शाहीर साबळे. त्यांना १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या आवाजात घराघरात गेलेलं, राजा बढे यांचं गीत २०२३ मध्ये महाराष्ट्राचं राज्यगीत झालं. चांगलं झालं. साबळे ९० वर्षांहून जास्त जगले, राज्याला त्यांचं देणं फेडायला वेळ मिळाला. अण्णाभाऊंच्या 'फकिरा'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. तेही योग्यच.

अमर शेखांना वेळ मिळाला नाही. १९६९ हे साल पाहा. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. ७७ दिवसांत तिघे. अमर शेखांचं वय तेव्हा ५२ होतं. पुरस्कार बहुधा म्हातारपणी येतात, पांढऱ्या केसांवर शाल शोभते. ज्याचे केस पांढरे व्हायच्या आत मोटार उलटते, त्याच्या घरापर्यंत शाल पोचत नाही. मरणानंतर पद्म सहसा देत नाहीत, अपवाद म्हणूनच देतात. त्यामुळं यादीतल्या या रिकाम्या जागेचा सगळा दोष मी कुणा एकावर टाकणार नाही.

पण रिकाम्या यादीबाहेर बरंच काही आहे. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. मायकोव्हस्की हा क्रांतीच्या काळातला रशियन कवी, कामगारांपुढं उभा राहून कविता म्हणणारा. अत्रे कुणाचीही उगाच तारीफ करणाऱ्यांतले नव्हते. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह आहेत, 'पहिला बळी' हे नाटक आहे. 'प्रपंच' या गाजलेल्या मराठी चित्रपटात त्यांनी काम केलं. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. पुण्यात शाहीर अमर शेख चौक आहे. मात्र बहुतेक पुणेकर त्याला जुना बाजार चौक म्हणतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथं जाहिरातीचा लोखंडी सांगाडा कोसळून चार माणसं मेली, तेव्हा दोन दिवस सगळ्या बातम्यांत 'अमर शेख चौक' असं येत होतं. इतक्या वेळा त्यांचं नाव बातम्यांत मी त्याआधी वाचलं नव्हतं आणि नंतरही नाही.

आणि एक सन्मान घरातला. त्यांची मुलगी मलिका मराठीतली मोठी कवयित्री. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे तिचं आत्मचरित्र मराठीत खूप चर्चिलं गेलं. नामदेव ढसाळांशी लग्न झाल्यावरही ती लिहिते ते मलिका अमर शेख या नावानं. मित्रांनी ठेवलेलं मंचावरचं नाव मुलीनं आडनाव म्हणून पुढं नेलं.

शाहीर हा शब्द आपल्या दोन्ही भाषांचा आहे. अरबी 'शाइर' म्हणजे ज्याला इतरांपेक्षा जास्त जाणवतं तो. उर्दूत तो शायर झाला आणि मुशायऱ्यात बसला, मराठीत तो शाहीर झाला आणि मैदानात उभा राहिला. या उभ्या राहणाऱ्यांत आमचे लोक आधीपासून आहेत. पेशवाईच्या अखेरच्या काळातले सगनभाऊ मुसलमान, धंद्यानं शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. त्यांचं नाव राम जोशी, होनाजी, प्रभाकर यांच्या पंगतीत घेतलं जातं. त्यांच्या काळात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातून शाहिरांना मान मिळायचा, तोडे मिळायचे, वर्षासनं मिळायची. अमर शेखांच्या काळात दरबार संपला होता. दरबाराची जागा मैदानानं घेतली होती आणि मैदानाकडे द्यायला एकच गोष्ट होती, दाद.

या 'दाद' शब्दावर मी दरवर्षी वर्गात दहा मिनिटं घालवतो. फारसीत 'दाद' म्हणजे न्याय. मराठीत त्याचे दोन उपयोग आहेत. गाणं आवडलं की आपण दाद देतो. अन्याय झाला की कोर्टाकडे दाद मागतो. मुलांना वाटतं हे दोन वेगळे शब्द आहेत. नाहीत, शब्द एकच आहे. चांगल्या गाण्याला वाहवा करणं म्हणजे त्या गाणाऱ्याचं जे आहे ते त्याला देणं. अमर शेखांना पहिली दाद भरभरून मिळाली. दुसरी अजून बाकी आहे असं मला वाटतं. आणि ती देणाऱ्यांत आपणही येतो.

आपण म्हणजे मुसलमान. स्पष्ट लिहितो. आपल्या मोहल्ल्यांत अमर शेखांचं नाव क्वचित घेतलं जातं. ते कम्युनिस्ट होते, त्यांनी कुसुम जयकरांशी लग्न केलं, ते गात होते. यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या कपाळाला आठी पाडते. हा आपला नव्हताच, असं म्हणून मोकळं होता येतं. दुसरीकडे ज्यांना महाराष्ट्राचा अभिमान आहे, त्यांतल्या काहींना पोवाडा हवा असतो, पण पोवाड्याखालचं आडनाव जरा अवघड जातं. एकाला 'अमर' खटकतो, दुसऱ्याला 'शेख'. दोघांच्या मधोमध हा माणूस विसरला जातो. १९९० मध्ये सोलापुरात, त्यांच्याच जिल्ह्यात, पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आमच्या पिढीला आपण मराठीत लिहू शकतो हे बळ त्या चळवळीनं दिलं. अमर शेखांनी ते ३०-४० वर्षं आधी करून दाखवलं होतं, तेही 'मुस्लिम मराठी' असा वेगळा फलक न लावता.

काही वर्षांपूर्वी मराठी भाषा दिनाला एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. गाव आणि संस्था यांची नावं लिहीत नाही, माणसं प्रेमाचीच होती. सूत्रसंचालक माझी ओळख करून देताना म्हणाले, "सर मुसलमान असूनही किती सुंदर मराठी बोलतात!" टाळ्या पडल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला, हसलो, खाली येऊन बसलो. घरी येईपर्यंत ते 'असूनही' कानात राहिलं. माझ्या आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या मराठी, माझं बीएड मराठीतलं, मी पोरांना शुद्धलेखन शिकवतो. तरी सन्मान मिळाला तो अपवाद म्हणून. ती शाल अजून कपाटात आहे, थंडीत वापरतो, ऊब चांगली देते. पण पुरस्कार आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मला त्या दिवशी समजलं.

अमर शेखांच्या वाट्याला ते 'असूनही' आलं असेल का? एखाद्या बैठकीत, एखाद्या कोपऱ्यात आलंही असेल. पण मैदानात नाही. मैदानानं त्यांना त्यांच्या मराठीबद्दल शाबासकी दिली नाही. त्यांच्या मराठीतून मैदान स्वतःचं दुःख आणि स्वतःचा राग बोललं. आपली भाषा छान आहे हे कुणी परक्याला सांगतं. आपल्या माणसाला म्हणतात, अजून एक होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी उत्तर दिलं. मोठा सरकारी पुरस्कार नाही, म्हणालो. मग फळ्यावर लिहिलं: बंदी, एक पदवी, एक चौक, एक अध्यासन, मुलीचं आडनाव, एक राज्य. मागच्या बाकावरून लगेच शंका आली, "सर, राज्य काय एकट्यानं थोडंच मिळवलं?" बरोबर होती शंका. मी 'राज्य'च्या पुढं कंसात 'सगळ्यांनी मिळून' असं लिहिलं.

त्याच्या वडिलांशी परवा पुन्हा बाजारात गाठ पडली. हळदीच्या भावावर बोलून झाल्यावर मीच विषय काढला. गाण्यानं पोट भरत नाही हे त्यांचं म्हणणं मी खोडलं नाही, कारण अमर शेखांच्या घरात गाण्यानं श्रीमंती आली नव्हती. इतकंच म्हणालो, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला एक गाणं म्हणू द्या, स्वतःचं, आणि तुम्ही समोर बसा. ते काही बोलले नाहीत. पिशवी उचलली, दोन पावलं गेले आणि वळून विचारलं, "तारीख कोणती म्हणालात, सर?"